बेताची आच

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेड मागे टाकले की अवसरी घाटाच्या अलीकडे पेठ लागते. हा सातगाव पठाराचा भाग. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव या गावांत पावसाळ्याच्या तोंडाशी बटाटा लावतात आणि दिवाळीच्या आत काढणी उरकतात. बटाट्याला भाव मिळाला की घराघरांत फराळाचे डबे भरतात.

या पठारावरच्या एका घरात दोन जावा होत्या. थोरलीचा हात झपाट्याचा. काढणीच्या दिवसांत सगळ्या मजुरांच्या भाकऱ्या ती एकटी थापायची. नानकटाईसाठी गावातल्या बाया रवा, मैदा, साखर, तूप घेऊन मंचरच्या बेकरीत जायच्या आणि भाजलेला माल पत्र्याच्या डब्यांत भरून आणायच्या. थोरली मात्र घरीच भाजायची. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर अडणी, अडणीवर ताट, वर झाकण आणि झाकणावर निखारे. तिची नानकटाई गावात वाखाणली जायची.

धाकटी घोडेगावच्या वरच्या अंगाची, डिंभे धरणाच्या काठच्या गावातली. वैशाखात लग्न होऊन आलेली. बोलणे कमी, हात सावकाश. थोरली तिच्या मागे उभी राहून म्हणायची, "अगं आटप की! एवढ्या वेळात माझ्या चार भाकऱ्या झाल्या असत्या." असे म्हटले की धाकटीचे हात थरथरायचे, भाकरीला चिरा पडायच्या आणि थोरलीचा आवाज आणखी चढायचा. दिवाळी येईपर्यंत धाकटीने परातीला हात लावणेच सोडले. भांडी घासायची, केर काढायचा आणि गप्प राहायचे.

थोरलीचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या जपानी साहेबाने दिवाळीची भेट म्हणून त्याला एक छोटा डबा दिला. आत पोपटी रंगाची, गुलालासारखी मऊ पूड. साहेबाने सांगितले होते, हा माचा, आमच्याकडचा हिरवा चहा; याची बिस्किटेही होतात.

थोरलीने डबा उघडून पाहिला. "हिरवं म्हटलं की मला धास्तीच वाटते. बटाटा उजेडात राहिला की हिरवा होतो आन् कडू लागतो. पण साहेबांनी दिलंय, तर करून बघू. साहेबांना डबा भरून पाठवायचा."

तिने नेहमीसारखे तूप हाताने फेसले, पांढरेशुभ्र होईपर्यंत. पिठीसाखर घातली, मैदा चाळून घातला, दोन चमचे पूड घातली. गोळा छान हिरवा झाला. चपट्या टिकल्या ताटात मांडल्या, चुलीत जाळ सारला, झाकणावर रसरशीत निखारे ठेवले. थोड्या वेळाने झाकण काढले तर जवळजवळ सगळ्या टिकल्या तपकिरी. चहाचा वास उडून गेलेला, चव करपट.

"पूड कमी पडली," थोरली म्हणाली. दुसऱ्या घाण्याला तिने पूड दुप्पट केली. वाटाणे शिजवताना रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकतात, तसा सोडाही थोडा सढळ टाकला. या वेळी रंग थोडाफार राहिला, पण तोंडात घातल्यावर आधी कडू लागले आणि मागून साबणासारखी चव आली. पोरांनीसुद्धा थुंकून टाकले.

डब्यात आता एकाच घाण्यापुरती पूड उरली होती. थोरली वैतागून उठली. चुलीपाशी धाकटी ताट घासायला घेत होती. पहिल्या घाण्यातल्या टिकल्या तिने एकेक उचलून पाहिल्या. मधल्या सगळ्या काळपट, पण कडेला, जिथे झाकणावर निखारा पोचला नव्हता, तिथल्या दोन टिकल्या अजून हिरवट होत्या.

तिने थोरल्या दिराला हळूच विचारले, "भावजी, हा चहा लावत्यात कसा, ते साहेबांनी सांगितलं का?"

"सांगितलं की. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे झाडांवर आच्छादन घालत्यात. ऊन लागू देत नाहीत. सावलीत पान गडद हिरवं होतं, चव गोडसर होती. मग वाफ देऊन वाळवत्यात, शिरा काढत्यात आन् दगडी जात्यावर सावकाश दळत्यात."

धाकटी थोडी थांबली. मग सासरी आल्यापासूनचे तिचे सर्वांत लांब बोलणे ती बोलली. "आक्का, आमच्याकडं हिरडा उन्हात वाळवत्यात, त्याला ऊन चालतं. पण गवती चहाची पात सावलीतच वाळवायची. उन्हात टाकली की रंग बी जातो आन् वास बी. हा चहा तर सावलीतच वाढलाय. त्याला एवढा जाळ कसा सोसंल? निखारे काढून बघू का?"

धाकटीने ओळखले ते खरेच होते. पानाला हिरवेपण देणाऱ्या हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असते. उष्णता फार झाली की ते निसटते आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. सोड्याने रंग धरून ठेवता येतो, पण चव बिघडते. म्हणून विजेच्या ओव्हनमध्येही ही बिस्किटे १५० ते १६० अंशांच्या आसपास भाजतात आणि कडा लाल व्हायच्या आत बाहेर काढतात. धाकटीला अंशांचा हिशेब ठाऊक नव्हता. तिला पान ठाऊक होते.

थोरली काही बोलणार, तोच ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "करू दे तिला. आन् तू इथं माझ्याजवळ येऊन बस."

धाकटीने जाळ ओढून घेतला. झाकणावर निखारा ठेवलाच नाही. टिकल्या सारख्या जाडीच्या केल्या. मागे कोणी उभे नव्हते, त्यामुळे हात थरथरले नाहीत. वेळ दुप्पट लागला. झाकण निघाले तेव्हा ताटात मंद हिरवी, खुसखुशीत बिस्किटे होती. चव आधी तुपाची, मग चहाची, शेवटी जिभेवर हलकासा कडूपणा. साहेबांसाठी डबा भरला आणि चार बिस्किटे घरात उरली.

थोरलीने एक खाल्ले. मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही मला शिकवलं तेव्हा असं जपलं नव्हतं. मागं उभं राहून ओरडायच्या. मी नाही का शिकले?"

"शिकलीस," सासूबाई म्हणाल्या. "तू भाकरीसारखी. जाळ लागला की फुगायचीस. ओरडलं की इरेला पेटून दुप्पट काम करायचीस. म्हणून मी ओरडायचे. ही तशी न्हाई. हिला ओरडलं की हिचा रंगच उडतो. सहा महिने बघतेय मी. चूल तीच हाय बाई, पण भाकरीला जाळ लागतो आन् ह्याला निखारासुद्धा नको. जाळ वाईट न्हाई. कुणाला किती, ते कळायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने परात धाकटीपुढे सरकवली आणि स्वतः गोठ्यात निघून गेली. त्या दिवशी भाकऱ्या उशिरा झाल्या, पण एकीलाही चीर नव्हती. पुढच्या काढणीला दोघी जोडीने थापायला बसल्या. धाकटीचा वेग थोरलीइतका कधीच झाला नाही आणि थोरलीने तो मागितलाही नाही.

तात्पर्य: कडक वागण्याने काही माणसे घडतात आणि त्याच वागण्याने काही करपतात. आपण ज्या आचेवर तयार झालो, तीच सर्वांना मानवेल असे धरून चालू नये. शिकवायला बसण्याआधी समोरचा कुठल्या सावलीत वाढला, हे विचारून घ्यावे.