नाल एकाची, हार दुसऱ्याची

जुगाराच्या अड्ड्यावर प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला वाटा बाजूला काढतो. मराठीत त्याला ‘नाल’ म्हणतात. डाव कोणीही जिंको, नाल चुकत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटाने तीस वर्षांपूर्वी हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडला.

नेदरलँड्सच्या राज्यात मोडणाऱ्या या बेटाची वस्ती दीड लाखाच्या आसपास. १९९३ साली तिथे कायदा झाला आणि बाहेरच्या जगाला जुगार पुरवण्याचे परवाने देण्याची सोय झाली. पुढे चार कंपन्यांकडे मुख्य परवाने आले आणि त्यांनी शेकडो संकेतस्थळांना उपपरवाने वाटले. ‘ई-झोन’ या करसवलतीच्या क्षेत्रातल्या कंपन्यांना नफ्यावर बराच काळ अवघा दोन टक्के कर होता. सरकारचा व्यवहार या चौघांशी. ज्या संकेतस्थळावर कोणी पगार हरत होता, तिथे सरकारची थेट नजर नव्हती.

इथे प्रश्न महसुलाचा राहत नाही, राजधर्माचा होतो. ज्यांच्या सुखदुःखाची जबाबदारी आपल्यावर नाही, अशा माणसांच्या व्यसनावर एखाद्या राज्याने नाल घ्यावी का?

भारतीय परंपरेने जुगारावर दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. मनूने राजाला राज्यातून द्यूत हद्दपार करायला सांगितले. कौटिल्याने परवानगीची वाट धरली, पण कडक अटी घालून. द्यूताध्यक्ष नेमावा, खेळ एकाच जागी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पणांचा (नाण्यांचा) दंड व्हावा, फासे अध्यक्षानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून राज्याने पाच टक्के घ्यावेत. चोरट्या मार्गाने जगणारी माणसे नजरेत यावीत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे कौटिल्याची नाल देखरेखीशी बांधलेली होती. हरणारा राजाचीच प्रजा होता. तो देशोधडीला लागला, तर त्याची झळ राज्याला बसणार होती.

महाभारत याहून खोल जाते. द्यूतसभेत दोष फक्त फासे टाकणाऱ्यांचा नाही. विदुराने बजावूनही धृतराष्ट्राने ती सभा भरवली आणि डाव चालू असताना तो ‘काय जिंकले?’ असे पुन्हा पुन्हा विचारत राहिला. फड मांडणाऱ्याच्या वाट्याला त्याचे फळही आले: त्याचे शंभर पुत्र रणात पडले. क्युरासावच्या व्यवस्थेत हा दुवाच तुटला आहे. फड एका खंडात, हरणारे दुसऱ्या खंडात. उद्ध्वस्त झालेल्या घराचा आवाज बेटाच्या राजधानीपर्यंत, विलेमस्टाडपर्यंत पोचत नाही.

बेटांची बाजूही ऐकायला हवी. क्युरासाव ज्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर जगत होते, तिथून १९८५ मध्ये शेल कंपनी निघून गेली. लहान भूमीला रोजगाराचे पर्याय थोडे असतात. कॅरिबियनमधल्याच अँटिग्वाने तर बाहेरून पुरवल्या जाणाऱ्या जुगारावरच्या बंदीवरून २००३ मध्ये अमेरिकेलाच जागतिक व्यापार संघटनेत खेचले. अमेरिकेने सार्वजनिक नीतिमत्तेचे कारण पुढे केले. २००५ मध्ये संघटनेच्या अपिलीय मंडळाने ते तत्त्वतः मानले, पण एका गोष्टीवर बोट ठेवले: देशातल्या घोड्यांच्या शर्यतींवर दूरस्थ सट्टा घेणाऱ्यांनाही हीच बंदी लागू आहे, हे अमेरिकेला दाखवता आले नाही. नीतीचा दाखला द्यायचा तर ती नीती घरातही पाळावी लागते.

हेच माप गोव्याला लावून पाहावे. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत आणि सरकारला त्यातून महसूल मिळतो. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना मात्र कॅसिनोत खेळायला बंदी झाली. आपल्या माणसांना जपणे योग्यच. पण जे आपल्या मुलासाठी घातक आहे, ते कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्याच्या मुलासाठी निरुपद्रवी कसे ठरते, याचे उत्तर परवाना देणाऱ्याने द्यायला हवे.

क्युरासावने डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा आणला. उपपरवान्यांची पद्धत मोडली, परवाने थेट सरकारी प्राधिकरणाकडे आले, खेळाडूंच्या तक्रारींसाठी तटस्थ यंत्रणा बंधनकारक झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तरी मूळ दोष उरतोच. ज्याला हरणाऱ्याचे नुकसान सोसावे लागत नाही, त्याला नाल घेण्याचा नैतिक अधिकार नाही, मग तो चौकातला अड्डेवाला असो की सार्वभौम सत्ता.

भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. परदेशातून भारतात पुरवल्या जाणाऱ्या सेवाही त्यात येतात. मोबाइलवरच्या सट्ट्याच्या पानाखाली एखाद्या दूरच्या बेटाचा परवाना क्रमांक दिसला, तर तो आपल्याला कोणतेही संरक्षण देत नाही, एवढे घरातल्या तरुण मुलांना बसवून समजावून सांगावे.