केसांची मोजदाद



स्वर्गातील पित्याने आपल्या डोक्यावरील एकेका केसाची मोजदाद ठेवली आहे, असा दिलासा प्रभू येशूने शिष्यांना दिला (लूक १२:७). आपण हे वचन ऐकतो आणि पुढे जातो. पण ज्या घरात लेकराची केमोथेरपी चालू आहे, त्या घरातील आईला ते वेगळे ऐकू येते. सकाळी उशीवर गळलेले केस ती मुलीच्या नकळत गोळा करते. तेही पित्याने मोजलेले आहेत.

कर्करोगावरील औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच वाढणाऱ्या. म्हणून त्याही सापडतात. उपचार संपल्यावर बहुधा केस परत येतात. पण तोवरचे महिने लहान मुलीला फार लांब वाटतात. अशा रुग्णांसाठी खऱ्या केसांचे विग करून विनामूल्य देणाऱ्या संस्था आज आपल्या देशात आहेत.

समजा, आपल्या धर्मग्रामातील दहा वर्षांची एखादी मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मला माझे केस द्यायचेत." आपण काय उत्तर देऊ? आजी म्हणेल, "पोरीच्या जातीला केसच शोभतात गं. लोक काय म्हणतील?" आजीला झिडकारू नये. बाईचे केस जाणे म्हणजे दुर्दैव, ही समजूत मोठ्या दुःखातून आली आहे. एके काळी बालविधवांचे केशवपन सक्तीने होई. अशा मुलींना आसरा व शिक्षण मिळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. त्या मुलींचे केस हिरावले गेले. ही मुलगी आपखुशीने देऊ पाहते. मात्र इच्छा तिचीच हवी. पालकांनी हौसेने तिला पुढे करणे हे दान नव्हे.

बेथानीच्या मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले व ते चरण आपल्या केसांनी पुसले (योहान १२:३). जे डोक्यावर मिरवायचे, ते तिने पायांशी आणले. यहूदाने किमतीचा हिशेब मांडला. प्रभूने मरियेची बाजू घेतली. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातील अपर्णा लवकुमार या महिला पोलिसाने २०१९ साली आपले लांबसडक केस कर्करुग्णांसाठी दिले आणि त्यासाठी डोक्याचे मुंडण केले. त्याच रूपात त्या कामावर गेल्या.

बऱ्याच संस्था किमान १२ इंच केस मागतात. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. म्हणजे ही मुलगी आपल्या आयुष्यातील दोन वर्षे देते, आईने रोज घातलेल्या वेणीसह. एका विगला अनेकींचे केस लागतात. कोणाचे कोणाला गेले, हे कोणालाच कळत नाही. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, या शिकवणीशी (मत्तय ६:३) इतके जुळणारे दान विरळा. म्हणून फोटोंची घाई नको.

आपल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला बोडकेपण ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि एका दुपारी नारळी-पोफळीच्या वाड्या उघड्या पडल्या. त्या वाड्यांना कोणी हसले नाही. पोफळीला फळ धरायला वर्षे लागतात, हे ठाऊक असूनही लोकांनी पुन्हा रोपे लावली. मग केस गेलेले लेकरू चर्चमध्ये आपल्या शेजारी येऊन बसले, तर आपण टक लावून का पाहावे? त्याला विग मिळेल तेव्हा मिळेल. आपली मायेची नजर आजच मिळू शकते.

ज्यांचे केस आखूड किंवा विरळ, त्यांनीही हात आखडू नये. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबाला सोबत हवी असते, रक्तदाते हवे असतात, घरी राहिलेल्या भावंडांना दोन घास हवे असतात.

हे प्रभो, जे पुन्हा वाढणार आहे, तेही देताना आमचा हात कचरतो. आमच्या मुलींचे उदार मन आम्हांला दे. जी लेकरे आज आजाराशी झुंजत आहेत, त्यांच्या मस्तकावर तुझा हात राहू दे. आमेन.