आयलानंतरची शेती

25 मे 2009 रोजी आयला चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुंदरबनातील मातीचे बांध ठिकठिकाणी फुटून भरतीचे पाणी भातखाचरांत आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरले. या प्रदेशातील वस्तीची बेटे भरतीच्या पातळीहून सखल असून सुमारे 3,500 किलोमीटर लांबीच्या बांधांच्या आधारानेच तेथे शेती होते. म्हणूनच पाणी ओसरल्यावर जमिनीत उरलेले मीठ हे प्रत्यक्ष वादळापेक्षा अधिक काळ पुरणारे संकट ठरले आणि कितीतरी घरांतील कर्ती माणसे मजुरीसाठी केरळ, तमिळनाडूकडे गेली.

मिठाने जमीन नापीक होते ती दोन कारणांनी. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की जमीन ओली असूनही रोपाला ते पाणी शोषता येत नाही, आणि सोडियम प्रमाणाबाहेर साचला तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटून जमिनीची घडण मोडते व निचरा थांबतो. पावसाचे पाणी खाचरात अडवून क्षार धुऊन काढणे, सोडियमची जागा कॅल्शियमने घ्यावी म्हणून गरजेप्रमाणे जिप्सम घालणे, धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडणे हे उपाय परिचित असले, तरी ते वेळ घेतात, आणि तोवर पेरायचे काय, हा प्रश्न ज्याच्या घरात वर्षाला भाताचे एकच पीक येते त्याला पुढे ढकलता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर सुंदरबनात पूर्वी होते. नोना बोकरा, तालमुगूर, लाल गेटू हे खारे पाणी सोसणारे देशी भात तेथे पिढ्यानपिढ्या पिकत. परंतु अधिक उत्पन्न देणाऱ्या सुधारित वाणांचा प्रसार झाल्यावर ते बहुतेक शेतांतून नाहीसे झाले. नोना बोकरा जगभरच्या संशोधकांना क्षारसहनशीलतेच्या अभ्यासासाठी उपयोगी पडत राहिला आणि त्याच्या मूळ प्रदेशातील शेतकऱ्याच्या कणगीत मात्र तो उरला नाही, ही स्थिती अन्यायाची आहे. देबल देब या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी ‘व्रीही’ या बियाणे-संग्रहात असे वाण दरवर्षी पेरून जिवंत ठेवले होते, त्यामुळेच ते काही शेतकऱ्यांपर्यंत पोचू शकले. शीतगृहातील बी वाण वाचवते, यात शंका नाही; परंतु कोणत्या खाचरात, किती पाण्यात, केव्हा लावणी करायची हे ज्ञान शेतातच टिकते. आपत्तीनंतर खारवलेल्या जमिनीसाठी गोड्या पाण्यावर वाढणाऱ्या वाणांची पाकिटे वाटणे म्हणजे शेतकऱ्याला दुसऱ्या नुकसानीकडे नेणे होय, मग त्यामागील हेतू कितीही चांगला असो.

बियाण्याच्या जोडीला जमिनीची रचनाही बदलता येते. केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या कॅनिंग येथील केंद्राने सुचवलेल्या पद्धतीत शेताच्या सुमारे पाचव्या हिश्शात तळे खोदून ती माती उरलेल्या जमिनीवर पसरतात. जमीन उंचावल्याने निचरा सुधारतो, तळ्यातील पावसाच्या पाण्यावर मासे आणि हिवाळी भाजीपाला होतो. अल्पभूधारकाला हे खोदकाम स्वतःच्या खर्चाने झेपणारे नाही, आणि रोजगार हमीच्या मजुरीचा खरा उपयोग येथेच आहे, कारण त्यातून त्याच हंगामात चूल पेटते आणि पुढच्या हंगामाची शेतीही उभी राहते.

कोकणातील खारभूमी आणि गोव्यातील खाजण शेतीलाही हा अनुभव लागू पडतो. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली गेली नाही, तर रायगडमधील भातजमीन काही वर्षांतच कांदळवनाखाली जाते. गोव्यात बांधांची देखभाल एकेकाळी गावकरी संस्थेकडे होती आणि खाऱ्या खाचरांत कोरगुट भात पिकत असे; पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानेही अशा जमिनींसाठी भाताचे वाण विकसित केले आहेत. या वाणांचे बी दरवर्षी गावातच पिकवण्यासाठी थोडी जमीन आणि थोडा निधी राखून ठेवणे हे आपत्ती व्यवस्थापनाच्या अंदाजपत्रकातील काम मानले पाहिजे, कारण भरतीचे पाणी शेतात शिरल्यानंतर असे बी नव्याने तयार करण्याइतका वेळ कोणाच्याही हाती नसतो.