नखाला लागलेली खाच

एका गावाच्या फाट्यावर एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि हाताखाली एक पोरगा. पोरगा चुणचुणीत होता. त्याचा हात कानशीवर असा बसला होता की, घासलेल्या लोखंडावर कुठं उंचसखल सापडायचं नाही. मिस्त्री कमी बोलायचा. गाडी आली की आधी तिचं ऐकायचा, मग मालकाचं.

एके दिवशी सकाळचा रतीब घालून एक दूधवाला आला. १०० सीसीची जुनी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या. उतरतानाच त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"मिस्त्री, ही गाडी मला दारोदार रडवते. क्लच पुरता दाबला तरी पुढं ओढते. थांबलं की न्यूट्रल सापडत नाही. प्रत्येक घरापुढं इंजिन बंद करा, न्यूट्रल करा, परत किक मारा. दिवाळीत क्लच प्लेटा टाकल्या. होळीला दुसरीकडं दाखवली, त्यांनीही प्लेटाच टाकल्या. आठ दिवस जरा बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"वायर?" मिस्त्रीनं विचारलं.

"वायरही नवी. आता आवळायला जागाच उरली नाही."

मिस्त्रीनं गाडी चालू केली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. खट्कन आवाज झाला आणि गाडी त्याच्या हाताला ओढ देऊन पुढं सरकली. त्यानं मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

"प्लेटाच खराब निघाल्या असतील," पोरगा म्हणाला. "चांगल्या बघून टाकू, तासाभरात काम होईल."

"आधी उघड तर," मिस्त्री म्हणाला.

इंजिन निवल्यावर पोरानं खाली टोपलं ठेवून ऑइल काढलं, किक काढली, उजव्या बाजूचं झाकण उतरवलं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल केले. मग एकेक प्लेट बाहेर आली. पोरानं ती उजेडात धरली. अस्तर जाड होतं, कुठं जळालेलं नव्हतं. लोखंडी प्लेटाही सरळ होत्या. तो गोंधळला.

"प्लेटांना काहीच झालेलं नाही, मिस्त्री."

"मग त्या बसतात कुठं, ते बघ."

प्लेटा ज्या डब्यात बसतात त्या क्लच हाउसिंगला उभी बोटं असतात, आणि बोटांमधल्या मोकळ्या जागेत प्लेटेचे कान अडकलेले असतात. मिस्त्रीनं पोराचं नख धरून एका बोटाच्या कडेवरून वरून खाली फिरवलं. कड सपाट हवी होती. नख अडलं, सुटलं, पुन्हा अडलं. जितक्या प्लेटा तितक्या जागी कानांनी ॲल्युमिनियममध्ये आपापलं घर कोरलं होतं.

"क्लच दाबला की प्लेटा एकमेकींपासून केसभर सुट्या व्हायला हव्यात," मिस्त्री दूधवाल्याला म्हणाला. "त्यासाठी त्यांना या कडेवरून सरकावं लागतं. इथं त्या खाचेत अडकून बसतात. तुम्ही क्लच दाबता, पण आत थोडी पकड राहतेच. म्हणून गाडी ओढते. नवीन प्लेटा टाकल्या तरी त्या याच खाचांत जाऊन बसतात."

दूधवाल्यानं स्वतः नख फिरवून पाहिलं. "मग आता?"

"हाउसिंग बदलायचं."

दूधवाल्याचा चेहरा उतरला. दिवाळीचा खर्च, होळीचा खर्च आणि आता हा. तो म्हणाला, "मिस्त्री, खाचाच आहेत ना? घासून काढा की. काम चालून जाईल."

पोराचे डोळे चमकले. "मी घासतो, मामा. हात लावला तर कळणार नाही इतकं साफ करतो."

मिस्त्रीनं दोघांकडं पाहिलं. क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "घास. घासायचे पैसे मी घेणार नाही."

पोरानं हाउसिंग फडकं गुंडाळून व्हाइसमध्ये धरलं आणि बारीक कानस घेतली. दुपार गेली. खाचा खोल होत्या. त्यांच्या तळापर्यंत पोचायचं तर आजूबाजूची सगळी कड तेवढीच उतरवावी लागत होती. ॲल्युमिनियमचा चुरा त्याच्या मांडीवर साचला. दूधवाला बाकड्यावर बसून बघत राहिला. चहा आला, थंड झाला. ऊन उतरायच्या वेळी पोरानं हाउसिंग रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं आणि मिस्त्रीपुढं ठेवलं. प्रत्येक कड आरशासारखी लखलखत होती. नख वरून सोडलं तर न अडता खाली येत होतं.

"वा रे पोरा!" दूधवाला उठला आणि खिशात हात घालू लागला.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. त्यानं एक प्लेट उचलली, घासलेल्या हाउसिंगमध्ये बसवली आणि ते दूधवाल्याच्या हातात दिलं. "प्लेट डावी-उजवी फिरवून बघा."

दूधवाल्यानं फिरवली. टक. उलटी फिरवली. टक. मिस्त्रीनं फळीवरून एक नवं हाउसिंग काढलं, तीच प्लेट त्यात बसवली आणि तेही त्याच्या हातात दिलं. तिथं प्लेट जेमतेम हलली, आवाज झाला नाही.

"तुम्ही ॲक्सिलेटर सोडला की कान एका बाजूला आपटणार, दिला की दुसऱ्या बाजूला," मिस्त्री म्हणाला. "दिवसभर हेच चालणार. आता फट मोठी, म्हणून मार मोठा. खाचा आधीपेक्षा लवकर पडतील. शिवाय बोटं बारीक झाली. त्यातलं एक तुटलं तर तुकडा गिअरमध्ये जाईल, मग इंजिन खोलायचं."

पोराचा चेहरा पडला. "तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तर मला घासू का दिलंत?"

"दुपारी सांगितलं असतं तर भाऊंना वाटलं असतं, म्हातारा बिल वाढवतोय. तुला वाटलं असतं, मिस्त्रीला माझ्या हातावर भरवसा नाही. आता दोघांनीही हातात धरून बघितलंत. काम तू उत्तमच केलंस, पण त्या डब्यात घासायला धातूच शिल्लक नव्हता."

दूधवाला थोडा वेळ दोन्ही हाउसिंगं हातात घेऊन बसला. जुन्यातली प्लेट त्यानं पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग नवं मिस्त्रीच्या हातात देत म्हणाला, "हे बसवा. पैसे मात्र एकदम जमायचे नाहीत."

"रोज जाता-येता दूध घालत जा. हिशेब फिटला की सांगतो."

त्या रात्री बल्बच्या उजेडात पोरानं प्लेटा ऑइलमध्ये बुडवून एकेक करून बसवल्या, झाकणाला नवं पॅकिंग लावलं, ताजं ऑइल भरलं, क्लचच्या दांडीला १० ते २० मिलिमीटर ढील ठेवली. सकाळी दूधवाला पहिल्या घरापुढं थांबला आणि पायाच्या एका टिचकीत न्यूट्रल लागलं.

पुढं काही महिन्यांनी एक गुरुजी आले. त्यांच्या गाडीची तक्रार तीच, पण नुकती सुरू झालेली. शहरातल्या एका दुकानात त्यांना सगळा क्लच नवा टाकायला सांगितलं होतं. मिस्त्री त्या दिवशी लग्नाला गेला होता. गॅरेजात पोरगा एकटाच होता.

त्यानं झाकण उघडलं आणि नख फिरवलं. नख अडलं, पण जेमतेम. मग त्यानं कानस घेतली नाही. आधी प्लेट बसवून हाउसिंग गुरुजींच्या हातात दिलं. "फिरवून बघा, गुरुजी." प्लेट थोडीशीच हलली. हाउसिंगच्या मागचा गिअर हातानं पिळून बघितला. रिव्हेट घट्ट होते.

"अजून वेळ गेलेली नाही. हे घासून चालेल," तो म्हणाला आणि कामाला लागला. एका बोटावर कानशीचे जितके हात, तितकेच दुसऱ्यावर. एखादं बोट जास्त उतरलं तर तिथला कान टेकत नाही, त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, हे तो आता जाणत होता. तासाभरात गाडी तयार झाली. त्यानं फक्त मजुरी, पॅकिंग आणि ऑइलचे पैसे घेतले.

गुरुजी खूश होऊन निघाले, तेव्हा पोरगा म्हणाला, "एक सांगून ठेवतो, गुरुजी. हे एकदाच चालतं. पुन्हा खाचा पडल्या तर घासून मागू नका, कोणी देत असला तरी घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं सगळी हकिकत ऐकली. गुरुजींना काय सांगितलं, तेवढं त्यानं पोराकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. नंतर गल्ल्याची किल्ली काढून त्याच्याकडं दिली.

घरात, भावकीत, कामाच्या जागी काही बिनसलं की आपण हाताला येईल ते बदलतो. माणसं बदलतो, जागा बदलतो, चार दिवस बरं वाटतं. ज्या जागी रोजचं घर्षण होतं, तिथं खाच पडली आहे का आणि ती किती खोल आहे, हे बघायचं मात्र राहून जातं. खाच वरवरची असेल तर वेळेत आणि सगळीकडून सारखी घासून घ्यावी. खोल गेली असेल तर कितीही कुशल हात लावला तरी ती भरून येत नाही. तिथं जुनं सोडण्याचा खर्च मान्य करावा. यातलं काय करायचं, ते झाकण उघडल्याशिवाय ठरत नाही, आणि जो झाकण उघडायचं टाळतो त्याचा खर्च दोनदा होतो.