वाळूचा घट्टपणा

वाळू घन की द्रव, हा प्रश्न वरकरणी शाळकरी वाटतो. जो स्वतःचा आकार राखतो तो घन आणि जो पात्राचा आकार घेतो तो द्रव, असे आपण लहानपणी पाठ केलेले असते. वाळू मात्र दोन्ही बाजूंनी साक्ष देते. तिचा ढीग सुमारे ३० ते ३५ अंशांच्या उतारापर्यंत निमूट उभा राहतो. उतार त्याहून तीव्र झाला की वरचा थर ओघळू लागतो. प्रत्येक कागद योग्य त्या फायलीत घालण्यात ज्याचा दिवस जातो, त्या माझ्यासारख्या कारकुनाला असा पदार्थ अस्वस्थ करतो.

अधिक विचार करता वाटते की, घट्टपणा कणांत शोधण्यातच चूक असावी. टाकीतील पाण्याची उंची वाढेल तसा तळावरचा दाब वाढतो. धान्याच्या उंच कोठारात तसे होत नाही. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली दाखविले की, एका मर्यादेनंतर वर कितीही भर घातली तरी तळावरचा दाब फारसा वाढत नाही. कण एकमेकांवर आणि भिंतींवर रेलतात. घर्षणामुळे बराचसा भार भिंतीच पेलतात.

हे रेलणे सुटले म्हणजे काय होते, ते जपानमधील निईगाता शहराने १६ जून १९६४ रोजी पाहिले. भूकंपात तेथील काही निवासी इमारती फारशा न मोडता कलल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. खालची सैल वाळू पाण्याने भरलेली होती. हादऱ्यांनी ती दबू लागली, पाण्याला निसटण्यास अवधी मिळाला नाही, त्याचा दाब वाढला आणि कणांची एकमेकांवरील पकड सुटली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणातही जमिनीतून वाळू आणि पाणी उफाळून आले. या दोन्ही ठिकाणी एकही कण वितळला नव्हता. प्रत्येक कण पूर्वीइतकाच कठीण होता. जमीन मात्र वाहिली.

'मी माझ्यापुरता स्वच्छ आहे,' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. निईगाताच्या प्रत्येक कणाला तेच म्हणता आले असते. व्यक्तिगत सचोटी व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे; ठिसूळ कणांची जमीन मुळातच कच्ची. परंतु तेवढ्या सचोटीने इमारत उभी राहत नाही.

तथापि, नुसते एकमेकांना धरून राहणे हाही सद्गुण नव्हे. अरुंद तोंडाशी कण परस्परांना टेकून कमान धरतात आणि कोठारातून एक दाणाही खाली पडत नाही. ही कमान आपल्या परिचयाची आहे: प्रत्येकजण शेजाऱ्याला सांभाळून घेतो आणि अर्जदार दारात ताटकळतो. म्हणून आधार दिला एवढेच पुरेसे नाही. त्या आधाराने भार कोणाचा पेलला गेला, हेही विचारले पाहिजे.

परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आपणांस हा विचार अधिक लागू आहे. बदलीचा हुकूम केव्हातरी येणारच, या हिशोबाने शेजारी आणि सहकारी यांच्यात सुटा कण होऊन राहणे फार सोपे असते. शांत दिवसांत त्याने काही बिघडतही नाही. सुटी वाळूही घट्ट जमिनीसारखीच दिसते. दोहोंतील भेद हादऱ्याच्या दिवशी कळतो, आणि त्या दिवशी नवी पकड जोडण्यास वेळ उरलेला नसतो.