नफा आणि शांति

गांवांत दोन तट पडले म्हणजे बाजार ओस पडतो, आणि तडजोडीसाठीं पहिली धांव बहुधा दुकानदार घेतो. लोक म्हणतात, "ह्यास शांति नको, गिऱ्हाईक पाहिजे." आमच्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शांति करणाऱ्यांस धन्य म्हटलें आहे. मग ज्याच्या मनांत शांतीबरोबर नफाही आहे, त्यास त्या धन्यतेंत वांटा आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरून करणें आम्हांस इष्ट वाटतें.

त्या देशांत १९४८ सालापासून सरकारनें वर्णभेद हें आपलें उघड धोरण केलें. घरदार मागें ठेवून काळे मजूर खाणींत राबत, आणि त्यांच्या स्वस्त श्रमावर खाणवाले व कारखानदार धनवान झाले. १९८५ सालीं असंतोष भडकला व परदेशी पेढ्यांनीं कर्जाची मुदत वाढविण्याचें नाकारिलें, तेव्हां व्यापाऱ्यांची झोंप उडाली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गॅव्हिन रेली ह्या उद्योगपतीच्या पुढारीपणाखालीं कांहीं धनिक झांबियांत गेले, आणि बंदी घातलेल्या आफ्रिकन राष्ट्रीय काँग्रेसचे पुढारी ऑलिव्हर टांबो ह्यांस भेटले.

पुढें १९९१ सालीं निरनिराळ्या पक्षांच्या अनुयायांत रक्तपात चालला असतां, सरकारनें बोलाविलेल्या परिषदेवर विरोधकांचा विश्वास बसेना. तेव्हां ख्रिस्ती मंडळ्यांचे पुढारी व व्यापारी ह्यांनीं मिळून सर्वांस एकत्र आणिलें. १४ सप्टेंबर १९९१ रोजीं राष्ट्रीय शांतिकरारावर सह्या झाल्या. त्याच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष जॉन हॉल हे उद्योगपति होते, व उपाध्यक्ष मेथॉडिस्ट बिशप स्टॅन्ली मोगोबा. ठिकठिकाणीं स्थानिक शांतिसमित्याही नेमण्यांत आल्या. रक्तपात तेवढ्यानें थांबला नाहीं; १९९२ च्या जून महिन्यांत बोइपाटोंग येथें ४० हून अधिक माणसें मारलीं गेलीं. तरी एप्रिल १९९४ मध्यें सर्व वर्णांच्या लोकांनीं एकत्र मतें दिलीं, ह्यांत त्या समित्यांच्या श्रमाचाही वांटा होता.

मग व्यापाऱ्यांचा हिशेब मिटला काय? नोव्हेंबर १९९७ मध्यें, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेल्या सत्य व समेट आयोगानें त्यांचें म्हणणें ऐकिलें. कित्येकांनीं सांगितलें कीं, वर्णभेदानें आमचेंही नुकसानच झालें. परंतु आयोगाचा निर्णय असा झाला कीं, तें राज्य ज्या अर्थव्यवस्थेवर टिकलें तिचा व्यापार हा मुख्य आधार होता, आणि बहुतेक धंद्यांस त्यापासून लाभ झाला.

आम्हांस वाटतें, हेतु मिश्र असला म्हणून सत्कृत्य खोटें होत नाहीं. बुडणाऱ्यास हात देणाऱ्याचा हेतु कोणी आधीं विचारीत नाहीं. परंतु शांतीची सेवा ही बुडविलेल्या मजुरीची पावती नव्हे. जक्कयाचा धंदा पाहून प्रभु त्याच्या दारांतून माघारा फिरला नाहीं. आणि जक्कयानेंही नुसता पाहुणचार केला नाहीं, तर अन्यायानें घेतलेलें चौपट परत देण्याचें कबूल केलें.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गांवीं तंटा उठल्यास सावकार व दुकानदार ह्यांस बैठकींतून उठवूं नका. दोन्ही तटांशीं ज्यांचा व्यवहार आहे, त्यांचा शब्द दोन्ही तट ऐकतात. मात्र समेट झाल्यावर त्यांनीं घरीं जाऊन आपली वही उघडावी, आणि कोणापासून अधिक घेतलें, कोणाची मजुरी राखून ठेविली, हें देवासमक्ष पाहावें. जें परत करावयाचें तें परत केल्यावांचून तो समेट पुरा झाला असें आम्ही मानीत नाहीं.