खोत गेल्यावर काय उरते?

मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगडचा किल्ला आहे. त्याने खाडीची राखण केली. खाडीकाठच्या कुळांची राखण मात्र कोणी केली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावे खोती होती. सरकारचा सारा खोत भरी आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करी. अर्धेलीने कसणाऱ्याचे निम्मे पीक जाई, वर वेठ असेच. याच जिल्ह्यातल्या आंबडवे गावाशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, तेव्हा कम्युनिस्टही त्यांच्यासोबत होते. विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. पण जमिनीच्या प्रश्नावर मार्क्सच्या अनुयायांसोबत चालणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध की मार्क्स हा प्रश्न घेतला आणि कौल बुद्धाला दिला. मालकी हटल्यावर माणूस मोकळा होतो की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते आंबेडकरांचे उत्तर बरोबर होते.

कार्ल मार्क्सने १८३५ मध्ये बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. १९२१ मध्ये आंबेडकरांनीही तिथे नाव नोंदवले. गरिबाचे शोषण होते, हे दोघांनाही मान्य. मार्क्सला धर्म हे दुःखाचे लक्षण वाटले. दुःखाचे कारण गेले की तेही ओसरेल, असा त्याचा विश्वास. आंबेडकरांनी १९३६ मध्येच ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये समाजवाद्यांना विचारले होते की माणसे केवळ पोटासाठी वागतात, तर लक्षाधीश कफल्लक साधू-फकिरांची आज्ञा का पाळतात, आणि लाखो गरीब आपली किडूकमिडूक चीजवस्तू विकून काशीला नि मक्केला का जातात? सगळे पैशाने ठरत नाही, याचा पुरावा रत्नागिरीतच आहे. भागोजीशेठ कीर धनवान होते, तरी सर्व जातींना प्रवेश असलेले मंदिर हवे म्हटल्यावर त्यांना आपल्या पैशाने नवे पतितपावन मंदिर बांधावे लागले. ते १९३१ मध्ये खुले झाले. जुन्या देवळांची दारे संपत्तीने उघडली नव्हती.

यावर म्हटले जाते की जात टिकवली तीच मुळी धर्माने. मग औषध म्हणून पुन्हा धर्मच का? पण धर्माने इतके टिकवले यावरूनच त्याची ताकद कळते. जो धर्म केवळ नियम सांगतो आणि जो तत्त्व सांगून बाकीचे माणसाच्या विवेकावर सोडतो, यांत आंबेडकर फरक करतात. त्यांनी स्वीकारलेल्या धम्मात ईश्वर नाही, अमर आत्मा नाही. अर्थशास्त्राकडे त्यांनी पाठ फिरवली, हा आरोप तर टिकतच नाही: १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातीचा भेद न मानता कसायला द्यावी, असे सुचवले होते.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो टाळता येत नाही. धम्म घेतला तो दलितांनी. मन बदलायचे होते ते वरच्यांचे. मग बदलले काय? आक्षेपात तथ्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेने शेजाऱ्याचा तिरस्कार संपला नाही. पण गुलामगिरीला दुसरी बाजूही असते: आपले खालचे स्थान रीत म्हणून पत्करणाऱ्या माणसाची. तिथे कायदा पोहोचत नाही. दीक्षेनंतर अनेक गावांत बौद्धांनी मेलेली गुरे ओढणे, सणासमारंभाला वाजवणे, दवंडी देणे ही पिढीजात कामे सोडली. त्यामुळे बलुत्याचे धान्य बुडाले, काही ठिकाणी बहिष्कारही सोसावा लागला. केवळ पोटाचा हिशेब केला असता तर ही कामे धरून ठेवणे सोयीचे होते. त्यांनी ती सोडली.